सुखनिद्रा आणि रात्रीचे ध्वनी : पालि वाङ्मयाच्या आधारे एक विचार

रविवारची सामुदायिक वंदना आटोपल्यावर एका ज्येष्ठ उपासिकेने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचे घर हमरस्त्याला लागून आहे. रात्रभर वाहनांची ये-जा चालू असते, आणि पतीच्या निधनापासून त्यांची झोप पार उडालेली आहे. त्यांच्या नातीने मोबाईलवर पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावून दिले. ते ऐकता ऐकता त्यांना झोप येऊ लागली. पुढे पावसाच्या जागी त्या परित्राणपाठ लावू लागल्या. आता मेत्तसुत्ताचे पठण सुरू होते आणि ते संपण्यापूर्वीच त्यांचा डोळा लागतो. हा धम्माचा अवमान तर होत नाही ना, अशी त्यांची शंका होती.

त्या वेळी आम्ही त्यांना धीर देणारे दोन शब्द सांगितले. परंतु आमच्याच उत्तराने आमचे समाधान झाले नाही. प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. झोपेसाठी ध्वनीचा आधार घ्यावा काय, कोणत्या ध्वनीचा घ्यावा, आणि धम्मपाठ हा त्या ध्वनींपैकी एक मानता येईल काय, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रश्नांचा पालि वाङ्मयाच्या आधारे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. तत्पूर्वी या प्रथेचा अलीकडचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

यंत्रयुगातील निद्राध्वनी

अंगाई ही सर्व देशांत पुरातन आहे. परंतु प्रौढ माणसाने झोपेसाठी मुद्दाम ध्वनीची योजना करावी, ही गोष्ट पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात विशेष वाढीस लागली. त्यापूर्वीची एक आख्यायिका संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बाख या जर्मन संगीतकाराची १७४१ साली प्रसिद्ध झालेली ‘गोल्डबर्ग’ नावाची रचना एका निद्रानाशाने पीडित सरदारासाठी झाली, असे त्याचा चरित्रकार फोर्केल याने १८०२ मध्ये लिहिले. अभ्यासक ही कथा विश्वसनीय मानत नाहीत. तथापि अशी कथा रचली जावी आणि लोकांनी ती आवडीने सांगावी, यातच निद्रेची तळमळ दिसून येते.

१९६२ मध्ये अमेरिकेत जेम्स बकवॉल्टर यांनी एक छोटे विद्युत्‌यंत्र बाजारात आणले. एका पेटीत बसविलेला पंखा एकसारखा घूं घूं असा आवाज करी, आणि हा आवाज हेच त्या यंत्राचे कार्य होते. १९६९ मध्ये अर्व्हिंग टायबेल यांनी समुद्राच्या लाटांची ध्वनिमुद्रिका काढली. मूळ ध्वनिमुद्रणावर त्यांनी संगणकाच्या साहाय्याने संस्कार केले होते. पुढे कॅनडातील मरे शेफर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात भोवतालच्या समग्र ध्वनिपरिसराचा शास्त्र म्हणून विचार मांडला. १९७८ मध्ये ब्रायन ईनो यांनी विमानतळासाठी रचलेल्या संगीताला ‘अँबियंट’ म्हणजे परिसरात मिसळून जाणारे संगीत हे नाव दिले. २०१५ मध्ये माक्स रिख्टर यांनी तर आठ तासांहून अधिक लांबीची रचना केवळ निद्रेसाठी सादर केली. आज पाऊस, समुद्र, रातकिडे, पंखा, आगगाडी यांपैकी हवा तो आवाज कोणाच्याही उशाशी उपलब्ध आहे.

यामागील तत्त्व सोपे आहे. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. झोपेतही कान उघडाच राहतो. माणसाला जागे करण्यात आवाजाच्या पातळीबरोबरच त्याच्या आकस्मिकपणाचा मोठा वाटा असतो. शांत खोलीत एकाएकी वाजलेला भोंगा दचकवतो. एकसारख्या पावसाच्या आवाजात तोच भोंगा बुडून जातो. म्हणजे एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीला झाकतो. याचा कितपत उपयोग होतो, याविषयी २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ३८ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. एकसारख्या आवाजाने झोप सुधारते या म्हणण्यास मिळणारा पुरावा फारच कमी दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कोणाला लाभ होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. लाभ सर्वांना होतोच असे सिद्ध झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा इतिहास बहुधा यंत्रापासून सुरू होतो आणि यंत्रापाशीच संपतो. परंतु रात्र, ध्वनी आणि झोप यांचा परस्परसंबंध माणसाने यंत्र येण्यापूर्वी फार काळ न्याहाळलेला आहे. पालि त्रिपिटकात आणि अट्ठकथांत त्याच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र मांडल्यास एक सुसंगत विचार हाती लागतो, असे आम्हांस दिसून आले.

प्रासादातील वाद्ये

विनयपिटकाच्या महावग्गात वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्र यशाची कथा आहे. त्याला हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तीन ऋतूंसाठी तीन प्रासाद होते. पावसाळ्याचे चार महिने तो प्रासादाखाली उतरतच नसे. केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद त्याच्या सेवेत असे. एके रात्री वादन चालू असतानाच यशाला झोप लागली, आणि नंतर वादक स्त्रियाही झोपी गेल्या. दिवा मात्र रात्रभर जळत होता. यश आधी जागा झाला आणि त्याने समोरचे दृश्य पाहिले. कोणाच्या काखेत वीणा, कोणाच्या गळ्याशी मृदंग, कोणाचे केस सुटलेले, कोणाच्या तोंडातून लाळ गळत असलेली, कोणी झोपेत बरळत असलेली. त्याला ते स्मशान वाटले. त्याच रात्री तो घर सोडून निघाला आणि पहाटे ऋषिपतनात चंक्रमण करीत असलेल्या भगवंतांपाशी पोहोचला.

या कथेचा वैराग्यपर अर्थ सर्वपरिचित आहे. आम्ही येथे तिच्यातील एका साध्या तपशिलाकडे लक्ष वेधू इच्छितो. संपन्न घरात वादनाने झोप आणण्याची रीत होती, आणि त्या रात्री ती यशस्वीही झाली. यशाला झोप आली नाही असे कथा म्हणत नाही. जाग आल्यावर काय उरले, हा तिचा विषय आहे. वाद्यांनी त्याच्या मनातील पोकळी झाकली होती. वाद्ये थांबली तेव्हा ती पोकळी जशीच्या तशी समोर उभी राहिली.

दीघनिकायात अशाच ध्वनींनी भरलेल्या एका नगरीचे वर्णन येते. महापरिनिर्वाणाच्या समयी आनंदाने कुसिनारेला क्षुद्र गाव म्हटले, तेव्हा भगवंतांनी तेथील प्राचीन कुशावती नगरीचे वैभव त्याला सांगितले. हत्ती, घोडे, रथ, भेरी, मृदंग, वीणा, गायन आणि खाण्यापिण्याचे पुकारे अशा दहा शब्दांनी ती नगरी दिवसा वा रात्री कधीच रिती नसे. महासुदस्सनसुत्तात तर तेथील सोन्यारुप्याच्या ताडवृक्षांतून वारा वाहू लागला की निपुण वादकांच्या वृंदासारखा मधुर ध्वनी निघत असे, असे म्हटले आहे. परंतु या सर्व वैभवाचा समारोप, ते सारे लयास गेले, या बोधानेच होतो. रात्रभर न थांबणारा आवाज हे राजवैभवाचे लक्षण म्हणून येथे आलेले आहे. त्या आवाजात नगरजनांना झोप कशी लागत असेल, हा प्रश्न सुत्तकाराने विचारलेला नाही. आजच्या महानगरात राहणाऱ्या वाचकाच्या मनात तो आल्यावाचून राहणार नाही.

अरण्यातील आवाज

प्रासादातून निघून आपण अरण्यात जाऊ. येथे मनुष्यनिर्मित ध्वनी नाहीत, पण अरण्य नि:शब्द मुळीच नसते. मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्तात भगवंत संबोधिपूर्व काळातील आपला अनुभव जानुस्सोणि ब्राह्मणाला सांगतात. चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या अशा रात्री ते मुद्दाम भयप्रद स्थळी राहत. एखादे जनावर जवळ येई, मोर वाळकी काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. प्रत्येक आवाजाबरोबर मनात येई की, ते भय हेच येत आहे. मग चालताना भय आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच, ते त्याचे निरसन करीत. आवाज थांबण्याची किंवा दुसऱ्या आवाजाने त्याला झाकण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

संयुत्तनिकायातील एक लहानसे सुत्त या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. भर मध्यान्ह आहे, पक्षी विसावलेले आहेत आणि महारण्य आपल्याशीच गुणगुणत आहे. एका देवतेला तो आवाज भयावह वाटतो. भगवंतांना तोच आवाज रमणीय वाटतो. आवाज एक, ऐकणारे दोन. याच निकायात वैशालीच्या वनात राहणाऱ्या एका वज्जिपुत्र भिक्खूची हकीकत आहे. नगरीत रात्रभराचा उत्सव चालू होता. वाद्यांचा आवाज वनापर्यंत येत होता. आपण एकटे टाकून दिलेल्या लाकडासारखे येथे पडलो आहोत, या विचाराने तो खंतावला. तेथील वनदेवतेने त्याला समज दिली की, त्याच्या या एकांताचा हेवा करणारे पुष्कळ आहेत. येथेही दूरचे संगीत सुखाचे कारण न होता विषादाचे कारण झालेले आहे.

याउलट थेरगाथेत गिरिमानंद थेर पर्जन्याच्या आवाजाला सुरेल गीताची उपमा देतात. आपली कुटी शाकारलेली आहे आणि चित्त शांत आहे, म्हणून पावसा, तू खुशाल बरस, असा त्यांचा भाव आहे. आज ज्या पावसाचे ध्वनिमुद्रण झोपेसाठी लावले जाते, त्या पावसाला दिलेली ही फार जुनी दाद होय. परंतु या गाथांतील क्रम ध्यानात घेतला पाहिजे. पावसाने चित्त शांत झाले, असे थेर म्हणत नाहीत. चित्त शांत आहे म्हणून पाऊस त्यांना गीतासारखा वाटतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सर्व केवळ ग्रंथातून समजून घेण्याची गरज नाही. भाजे येथील इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या लेण्यांत भिक्खूंच्या कोठड्यांतून कातळातच कोरलेले शयनओटे आजही पाहता येतात. कान्हेरीच्या डोंगरात शंभरांहून अधिक लेणी आहेत, आणि लेण्यालेण्याशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. आपल्याकडील प्राचीन शिलालेखांत ‘लेण’ आणि ‘पोढि’, म्हणजे गुहा आणि पाण्याचे टाके, यांच्या दानांचे वारंवार उल्लेख येतात ते याच वस्तूंचे. वर्षावासाच्या महिन्यांत येथे पाऊस कोसळतो. भाज्याच्या कड्यावरून धबधबा पडतो आणि टाक्यांत पाणी ठिबकत राहते. ज्या भिक्खूंनी या दगडी शय्यांवर वर्षावास काढला, त्यांच्या कानांवर रात्रभर हाच ध्वनी पडत असला पाहिजे. तो त्यांनी मुद्दाम लावलेला नव्हता आणि त्यांना तो बंदही करता येत नव्हता.

जीवकाच्या आम्रवनातील शांतता

निद्रेच्या दृष्टीने संपूर्ण पालि वाङ्मयात अजातशत्रूची कथा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्ताचा आरंभ कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री होतो. मगधाचा राजा अजातशत्रू अमात्यांसह प्रासादाच्या गच्चीवर बसलेला आहे. चांदण्याची तो प्रशंसा करतो आणि विचारतो की, आज कोणत्या श्रमणाकडे गेल्यास आपले मन प्रसन्न होईल? अमात्य सहा प्रसिद्ध आचार्यांची नावे सुचवितात. राजा गप्प राहतो. अखेर जीवक वैद्य आपल्या आम्रवनात उतरलेल्या भगवंतांचे नाव घेतो.

राजा एवढ्या रात्री का जागा होता, हे सुत्त सांगत नाही. ते पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत सांगितले आहे. पित्याचा, म्हणजे बिंबिसाराचा वध केल्यापासून अजातशत्रूला रात्री वा दिवसा झोप येत नसे. एवढे समजले की सुत्तातील पुढचा प्रसंग निराळाच उजेड देऊ लागतो. हत्तिणींचा ताफा आणि मशाली घेऊन राजा निघतो. आम्रवन जवळ येते तसतसे त्याला भय वाटू लागते आणि अंगावर रोमांच उभे राहतात. त्याच्या भयाचे कारण कोणताही आवाज नाही. आवाजाचा अभाव हेच ते कारण आहे. साडेबाराशे भिक्खू जेथे आहेत तेथे शिंक नाही, खोकला नाही, कुजबुज नाही. हे कसे शक्य आहे? जीवकाने आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले नाही ना? जीवक त्याला समोरच्या मंडपात जळणारे दिवे दाखवितो आणि धीर देऊन पुढे नेतो.

ज्याच्या मनात अपराध जळत आहे त्याला शांततेचेही भय वाटते. असा मनुष्य शांततेपासून पळतो आणि आवाजाचा आश्रय घेतो. परंतु राजा येथे पळाला नाही. मंडपात जाऊन त्याने स्वच्छ जलाशयासारखा निश्चल असलेला संघ पाहिला, आणि आपल्या उदायिभद्र या पुत्राला अशी शांती लाभावी, अशी इच्छा त्याच्या मुखातून प्रकटली. पितृवधाने राज्य मिळविलेल्या पित्याच्या मनात त्या क्षणी आपला पुत्र यावा, ही गोष्ट वाचकाला अंतर्मुख करणारी आहे. पुढे त्याने प्रश्न विचारला, दीर्घ उपदेश अखेरपर्यंत ऐकला आणि आपला अपराध स्वमुखाने कबूल केला. बुद्धघोष सांगतात की, हा धम्मोपदेश ऐकल्यापासून त्याला झोप येऊ लागली.

भारहूत येथील स्तूपाच्या एका स्तंभावर या भेटीचे शिल्प आहे, आणि अजातशत्रू भगवंतांना वंदन करीत आहे अशा अर्थाचा लेख त्यावर कोरलेला आहे. हे शिल्प आता कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. तथापि सुत्ताचा शेवट विसरता कामा नये. राजा निघून गेल्यावर भगवंत भिक्खूंना सांगतात की, पितृवध केला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता. म्हणजे त्याला झोप मिळाली, मुक्ती मिळाली नाही. सुखनिद्रा हा धम्माचा एक लाभ आहे. तो धम्माचा अंत नव्हे.

अंगुत्तरनिकायात हत्थक आळवकाची कथा हाच विचार दुसऱ्या बाजूने मांडते. हिमपाताचे दिवस आहेत. गुरांच्या खुरांनी जमीन खडबडीत झाली आहे, पानांचा बिछाना पातळ आहे, वारा बोचरा आहे. अशा स्थितीत रात्र काढलेल्या भगवंतांना हत्थक विचारतो की, झोप सुखाची झाली काय? जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी आपण एक आहोत, असे भगवंत सांगतात. मग ते उलट विचारतात : आतून-बाहेरून लिंपलेले, झरोके मिटलेले, वाऱ्याची झुळूकही आत येणार नाही असे घर असले, आणि आत मऊ शय्या असली, तरी राग, द्वेष, मोह यांनी होरपळणाऱ्या माणसाला सुखाची झोप लागेल काय? आज ध्वनिरोधक भिंतींच्या खोलीत जागे राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न जसाच्या तसा विचारता येईल.

शांततेची व्यवस्था

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, सर्व काही मनावर आहे, बाहेरच्या गोंगाटाची तक्रार करणे हा दुबळेपणा होय. आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही, आणि विनयपिटकालाही तो मान्य नाही. अनाथपिंडिक श्रेष्ठी श्रावस्तीत विहारासाठी जागा शोधू लागला, तेव्हा ती गावापासून फार दूर नसावी, फार जवळ नसावी, दिवसा गर्दीची नसावी आणि रात्री ‘अप्पसद्द’, म्हणजे अल्प आवाजाची असावी, असा विचार त्याने केल्याचे चुल्लवग्गात सांगितले आहे. जेतवनाची निवड या कसोटीवर झाली. रात्रीची शांतता ही विहाराच्या जागेची एक अट होती.

अंगुत्तरनिकायातील कंटकसुत्त तर अधिक स्पष्ट आहे. वैशालीच्या महावनात भगवंतांच्या दर्शनासाठी लिच्छवी रथांच्या खडखडाटात येऊ लागले, तेव्हा काही ज्येष्ठ भिक्खू तेथून उठून गोसिंगसालवनात निघून गेले. भगवंतांनी त्यांना दोष दिला नाही. प्रथम ध्यानाला शब्द हा काटा आहे, असे सांगून त्यांनी त्यांचे समर्थन केले. आळार कालाम यांच्या जवळून पाचशे गाड्या गेल्या तरी त्यांना त्या ऐकू आल्या नाहीत, आणि आतुमा येथे वीज कोसळून दोन शेतकरी बंधू व चार बैल मेले तरी जागृत असलेल्या भगवंतांनी तो आवाज ऐकला नाही, अशी वर्णने महापरिनिब्बानसुत्तात आहेत. परंतु ती समापत्तीच्या सामर्थ्याची वर्णने आहेत. सामान्य उपासकाकडून त्या सामर्थ्याची अपेक्षा करून त्याच्या खिडकीखाली कर्णा लावणे हा धम्म नव्हे.

आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घालून दिलेली आहे. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेली रात्रीची मर्यादा त्याहूनही खाली, म्हणजे ४० डेसिबल आहे. या मर्यादा कशा मोडल्या जातात, हे दाट वस्तीत राहणाऱ्यांना सांगावयास नको. ज्यांची घरे लहान, खिडक्या रस्त्यावर आणि कामाच्या पाळ्या रात्रीच्या, त्यांच्याच वाट्याला सर्वांत अधिक आवाज येतो. आणि येथे आम्ही इतरांकडे बोट दाखवून थांबू इच्छित नाही. आपल्या जयंतीच्या आणि उत्सवांच्या रात्रीही ध्वनिक्षेपक उशिरापर्यंत चालू असतात. त्या वस्तीत कोणी आजारी असते, कोणाची परीक्षा असते, कोणी आमच्या उपासिकेसारखे दु:खाने जागे असते. अनाथपिंडिकाची अट आपण आपल्याच विहारांना लावून पाहिली पाहिजे.

धम्मपाठ : झोप आणणारा की झोप घालवणारा?

आता मूळ शंकेकडे वळू. धम्मपाठ ऐकत झोपी जावे काय? अंगुत्तरनिकायात मोग्गल्लान थेरांना ध्यानाच्या समयी डुलकी येऊ लागली तेव्हा भगवंतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले. ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, त्याचे सविस्तर पठण करावे, कान ओढावेत, अंग चोळावे, पाण्याने डोळे धुवावेत, दिशांकडे व नक्षत्रांकडे पाहावे, प्रकाशाची भावना करावी, चंक्रमण करावे. यांतील पठणाचा उपाय आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या धम्मवचनाने अजातशत्रूला झोप मिळाली, तेच धम्मवचन येथे झोप घालविण्यासाठी सांगितले आहे.

यात विसंगती नाही. धम्मवचन एकसुरी आवाजासारखे कानावर पडत नाही. ते अर्थरूपाने मनावर कार्य करते. ज्याचे मन मंदावले आहे त्याला ते जागे करते, आणि ज्याचे मन जळत आहे त्याला ते निववते. दोन्ही ठिकाणी आधी ऐकणे आहे. म्हणूनच चुल्लवग्गात भगवंतांनी गाण्याच्या लांबविलेल्या सुरात धम्म म्हणण्यास मनाई केली. त्याचे जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांतील पहिले दोन असे की, म्हणणारा त्या सुरावर आसक्त होतो आणि ऐकणाराही सुरावर आसक्त होतो. परंतु स्वरबद्ध पठणाला त्यांनी अनुमती दिली. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने जेतवनात पहाटे अट्ठकवग्गाचे पठण केले, तेव्हा भगवंतांनी त्याच्या वाणीची प्रशंसा केली. ती स्पष्ट आणि अर्थ उलगडून दाखविणारी होती.

ज्या मेत्तसुत्ताविषयी उपासिकेची शंका होती, त्याची अट्ठकथेतील उत्पत्तिकथाही रात्रीच्या आवाजांचीच आहे. अरण्यात वर्षावासासाठी गेलेले भिक्खू वृक्षदेवतांनी काढलेल्या भयंकर रूपांनी आणि आवाजांनी त्रस्त होऊन परत आले. भगवंतांनी त्यांना दुसरे स्थळ दिले नाही. मैत्रीची शिकवण देऊन त्याच अरण्यात परत पाठविले. आणि मैत्रीभावनेचे अकरा लाभ जेथे सांगितले आहेत, तेथे पहिला लाभ सुखाने झोपणे, दुसरा सुखाने जागे होणे आणि तिसरा वाईट स्वप्न न पडणे हा आहे. विसुद्धिमग्गात बुद्धघोष याचे स्पष्टीकरण करतात की, इतर लोक कुशी बदलीत, घोरत, कष्टाने झोपतात. मैत्री भावणारा मात्र समापत्तीत प्रवेश करावा तसा झोपेत प्रवेश करतो. या ग्रंथाचे देवनागरी संपादन आपल्या धर्मानंद कोसंबी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे मूळ वचन पाहू इच्छिणाऱ्यांची सोय झालेली आहे.

यावरून उपासिकेला द्यावयाचे उत्तर आमच्यापुरते निश्चित झाले. मेत्तसुत्त ऐकून झोप आली तर तो अवमान नव्हे. तो त्या सुत्ताचा सांगितलेला पहिला लाभ आहे. मात्र तो लाभ मैत्रीच्या भावनेचा आहे, ध्वनिमुद्रणाचा नव्हे. रस्त्याचा आवाज झाकण्यापुरताच उपयोग असेल, तर त्या कामाला पावसाचे किंवा पंख्याचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे, आणि ते लावण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. संघाने औषधाला कधी कमी लेखले नाही. झोप दीर्घकाळ येत नसेल तर वैद्याचा सल्ला घेणे हेही त्यातच आले. अजातशत्रूलाही वाट दाखविणारा एक वैद्यच होता. सुत्त ऐकावयाचे असेल तर ते आधी एकदा उठून बसून, अर्थ मनात आणून ऐकावे. दिवंगत पतीसाठी, शेजाऱ्यांसाठी, रस्त्यावरून रात्रभर गाड्या हाकणाऱ्यांसाठीही मैत्री भावावी, आणि मग आडवे व्हावे. अजातशत्रूला त्याचा अपराध जाळीत होता. आमच्या उपासिकेचा काहीही अपराध नाही, त्यांचे केवळ दु:ख आहे. दु:खाने जागे राहणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणत्याही ग्रंथाने कोणाला दिलेला नाही.

पुढील रविवारी आम्ही त्यांना हे सांगितले. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या की, आता त्या बसून ऐकतात. कधी झोप येते, कधी येत नाही. पण गाड्यांचा आता पूर्वीइतका राग येत नाही. त्याच दिवशी आम्ही विहाराच्या व्यवस्थापकांपुढे एक सूचना मांडली : उत्सवाच्या दिवशीही रात्री दहानंतर विहाराचा ध्वनिक्षेपक बंद असावा. वाचकांनी आपापल्या विहारांत ही सूचना मांडावी, अशी आमची विनंती आहे.